लांब पल्ल्याच्या अचूक रायफलीचे भाग कसे निवडावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले सगळे प्रश्न लक्ष्यनेमबाजीचे आहेत: कागदी किंवा पोलादी लक्ष्य, साधारण ६०० ते १२०० मीटरचा पल्ला, परवानाधारक नेमबाज आणि मान्यताप्राप्त रेंज. सुटे भाग घेऊन रायफल जुळवायची म्हटलं की चर्चा लगेच ब्रँडवर जाते. माझं ठाम मत असं, की ब्रँड चुकल्याने जेवढा पैसा वाया जातो त्याहून कितीतरी जास्त निवडीचा क्रम चुकल्याने जातो. म्हणून उत्तरंही त्याच क्रमाने दिली आहेत.

सुरुवात कोणत्या भागापासून करायची?

भागापासून नाहीच. तुम्ही कोणत्या प्रकारची नेमबाजी करणार, हे आधी कागदावर लिहा. सगळा हिशेब तिथून सुरू होतो, कारण प्रत्येक प्रकाराचे नियम वेगळे आणि रायफलीकडून अपेक्षाही वेगळी.

एफ-क्लास हा प्रकार कॅनडाच्या जॉर्ज फर्क्वारसन यांनी रुजवला; नावातला ‘एफ’ त्यांच्याच आडनावाचा. यात झोपून, टेकूवर रायफल ठेवून, दुर्बिणीतून नेम धरतात. त्यातल्या एफ-टीआर गटात फक्त .३०८ विंचेस्टर आणि .२२३ रेमिंग्टन ही दोनच काडतुसं चालतात, आणि बायपॉड (पुढचा दोन पायांचा टेकू) आणि स्कोप (नेमाची दुर्बीण) यांसकट वजन ८.२५ किलोच्या आत बसवावं लागतं. एफ-ओपन गटात ८ मिलिमीटरपर्यंतचं कॅलिबर आणि १० किलोपर्यंत वजन चालतं. पाल्मा सामन्यांची परंपरा १८७६ पासूनची. तिथे दुर्बीण नाही. लोखंडी साइट, खांद्याला पट्टा आणि ८००, ९००, १००० यार्डांची लक्ष्यं. पीआरएस म्हणजे प्रिसिजन रायफल सिरीज २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्यात घड्याळ चालू असतं, नेमबाज अडथळ्यांवर, ड्रमवर, छपराच्या उतारावर रायफल टेकवून एकामागून एक लक्ष्यं टिपतो. तिथे .३० पेक्षा मोठं कॅलिबर आणि सेकंदाला ३२०० फुटांहून अधिक वेग चालत नाही.

या सगळ्यांना पुरी पडेल अशी एक रायफल नसते. ‘सगळ्यासाठी एकच’ म्हणून जुळवलेली रायफल एफ-क्लासमध्ये हलकी ठरते आणि पीआरएसमध्ये बेढब.

प्रकार ठरला की क्रम सरळ लागतो: काडतूस, मग बुलेट (काडतुसातून सुटणारी गोळी), मग बॅरलचा पीळ (नळीतल्या आट्यांचं वळण), बॅरल, ॲक्शन (काडतूस भरणारी आणि बंद करणारी यंत्रणा), दस्ता, ट्रिगर (चाप). स्कोपचा विचार समांतर चालू ठेवा, कारण खर्चाचा मोठा वाटा तोच घेतो.

तयार रायफल मिळत असताना सुटे भाग जुळवण्याची गरज आहे का?

बऱ्याच जणांना नाही. आज चांगल्या कारखान्यातून आलेली रायफल मॅच दर्जाच्या काडतुसांबरोबर १ एमओएच्या (१०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर) आत ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या खुणांचा पुंजका, देते. ५०० मीटरपलीकडे तुम्ही अजून गोळीच झाडली नसेल, तर तयार रायफल घ्या आणि उरलेला पैसा काडतुसांत घाला.

जुळवलेल्या रायफलीचा फायदा वेगळा आहे. बॅरल झिजलं की ते बदलून रायफल पुन्हा नवी होते. दस्ता तुमच्या अंगाला बसतो. चेंबर (काडतूस बसतं ती बॅरलमधली जागा) तुम्ही निवडलेल्या बुलेटसाठी कापलेलं असतं. आणि वर्षानुवर्षं तीच ॲक्शन, तोच ट्रिगर हातात राहिल्यामुळे बोटाला त्याची सवय होते. हे फायदे वर्षाला हजारभर गोळ्या झाडणाऱ्याला जाणवतात. त्याहून कमी झाडणाऱ्याला ते कागदावरच राहतात.

पहिल्या रायफलीसाठी काडतूस कोणतं?

६.५ क्रीडमूर. नियमाने दुसऱ्या काडतुसाची सक्ती नसेल तर माझं उत्तर हेच, आणि त्यामागची कारणं नीट समजून घेण्यासारखी आहेत.

.३०८ विंचेस्टर १९५२ सालचं. त्याचं बॅरल ५००० गोळ्यांपर्यंत, काही वेळा त्याहून जास्त टिकतं, काडतुसं सगळीकडे मिळतात, आणि वारा वाचायला शिकवणारं त्याच्यासारखं दुसरं काडतूस नाही. पण १७५ ग्रेनची (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं एकक) बुलेट सेकंदाला २६०० फूट वेगाने निघाली तर १००० यार्डांच्या आसपास ती ध्वनीच्या वेगाजवळ येते. त्या टप्प्यात तिच्यावरचा हवेचा दाब झपाट्याने बदलतो आणि काही बुलेट डगमगू लागतात.

६.५ क्रीडमूर हे हॉर्नडी कंपनीने २००७ मध्ये आणलं, ते मुळात लक्ष्यनेमबाजीसाठीच. लांब, सडपातळ १४० ग्रेनची बुलेट साधारण २७०० फूट वेगाने निघते आणि १००० यार्डांवरही ध्वनीपेक्षा बरीच वेगात असते. खरा फरक वाऱ्यात दिसतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा त्या अंतरावर .३०८ ची ही बुलेट जवळपास अडीच मीटर ढकलतो, ६.५ ची पावणेदोन मीटरच्या आसपास. वाऱ्याचा अंदाज चुकणारच आहे, कारण तो सगळ्यांचाच चुकतो. त्या चुकीची शिक्षा कमी करणारं काडतूस निवडणं एवढंच आपल्या हातात असतं.

पीआरएसमधले मुरलेले नेमबाज आणखी खाली, ६ मिलिमीटरकडे सरकले आहेत: ६ डॅशर, ६ बीआर, ६ क्रीडमूर वगैरे. कारण धक्का. रायफल खांद्यावर कमी उसळली तर गोळी लक्ष्यावर कुठे लागली किंवा कुठून निसटली, हे झाडणाऱ्याला स्वतःच्याच स्कोपमध्ये दिसतं आणि पुढची गोळी दुरुस्त करता येते. या खेळात ती माहिती हातात असणं हे जास्तीच्या वेगापेक्षा मोलाचं. पण ६ क्रीडमूरचं बॅरल साधारण १२०० ते १८०० गोळ्यांत उतरणीला लागतं, ६.५ क्रीडमूरचं २००० ते ३००० पर्यंत चालतं. डॅशरचं बॅरल ६ क्रीडमूरपेक्षा जास्त टिकतं, मात्र त्याच्यासाठी काडतूस स्वतः भरण्याची तयारी बहुतेक वेळा ठेवावी लागते.

मग .३०० विंचेस्टर मॅग्नम किंवा .३३८ लापुआ का नाही? ती तर आणखी लांब जातात.

जातात. १२०० मीटरपलीकडे नियमित झाडायचं असेल तर त्यांचा विचार करा. त्याआधी नको. दारू जास्त जळते, धक्का मोठा, .३०० मॅग्नमचं बॅरल साधारण २००० गोळ्यांच्या आत थकतं, आणि दिवसभरात शंभर गोळ्या झाडायची इच्छाच उरत नाही. सराव कमी करायला लावणारं काडतूस तुमचा नेम सुधारत नाही.

बॅरलमध्ये नेमकं काय पाहायचं?

रायफलीची अचूकता सर्वांत जास्त कुठे राहत असेल तर बॅरलमध्ये, त्यामुळे इथे हात आखडू नका.

धातू दोन प्रकारचे मिळतात. ४१६आर स्टेनलेस आणि ४१४० क्रोम-मॉली. स्पर्धेच्या जगात स्टेनलेसचं प्राबल्य आहे, कारण त्याची मशिनिंग चांगली होते आणि गंजाचा त्रास कमी. अचूकतेच्या बाबतीत दोन्ही सारखीच खरी उतरतात.

आटे पाडण्याच्या पद्धतींवर वाद फार होतात. बार्टलीन आणि क्रीगर हे एकेक आटा थोडाथोडा कापत नेतात. लिल्या, शिलन, हार्ट हे बटण ओढून धातू दाबतात आणि आटे उमटवतात. दाबण्याच्या पद्धतीत धातूत ताण उरतो, तो उष्णतेने नीट काढला गेला पाहिजे. दोन्ही पद्धतींच्या बॅरलनी मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या आहेत. निर्माता नीट असेल तर पद्धतीवर रात्र जागवू नका. बोअर, म्हणजे नळीचं आतलं छिद्र, पूर्ण लांबीत एकसारखा आहे का आणि हाताने लॅप केला (आतून घासून गुळगुळीत केला) आहे का, हे विचारा.

लांबी २४ ते २६ इंच पुरते. दर इंचामागे साधारण २० ते ३० फुटांचा वेग कमी-जास्त होतो, म्हणजे दोन इंच वाढवून मिळणारा फायदा खरा असला तरी माफक असतो. एफ-क्लासवाले २८ ते ३२ इंचांपर्यंत जातात, कारण त्यांना रायफल घेऊन धावायचं नसतं. अडथळ्यांवरून झाडणाऱ्याला तेवढी लांब नळी पुढून जड लागते.

जाडी मात्र महत्त्वाची. जाड बॅरल सावकाश तापतं आणि तापल्यावर नेमाचा बिंदू सरकण्याचं प्रमाण कमी राहतं. हेवी पाल्मा, एमटीयू, हेवी व्हार्मिंट ही या कामातली परिचित घडणींची नावं. पातळ, हलकं बॅरल पहिल्या तीन गोळ्या सुंदर लावतं, आणि सामना तीन गोळ्यांचा नसतो.

आणखी एक गोष्ट मनात पक्की करा. बॅरल हा झिजणारा भाग आहे. ते ‘आयुष्यभराचं’ म्हणून निवडू नका. पुढच्या दोन-तीन हंगामांचं म्हणून निवडा. मग निवड खूप सोपी होते.

पीळ म्हणजे ट्विस्ट किती घ्यावा?

आधी बुलेट निवडा, मग पीळ. बुलेट जितकी लांब तितकी तिला गिरकी जास्त लागते. वजनाचा संबंध येतो तो लांबीमुळेच. तांब्याची अखंड बुलेट शिशाच्या बुलेटपेक्षा त्याच वजनात लांब असते आणि जास्त पीळ मागते. ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी सूत्र मांडलं. आज बहुतेक जण मिलर यांचं सूत्र वापरतात आणि त्यातून येणारा स्थिरतेचा आकडा १.५ च्या वर ठेवतात.

रूढ आकडे असे: ६.५ मिलिमीटरमध्ये १४० ग्रेनच्या आसपासच्या बुलेटला ८ इंचांत एक फेरा. ६ मिलिमीटरमध्ये १०५ ते ११० ग्रेनला ७.५ इंचांत एक; .३०८ मध्ये १७५ ग्रेनला १० ते ११.२५ इंचांत एक. काठावर असाल तर जास्त पिळाकडे झुका. थंड, दाट हवेत स्थिरता घटते, आणि उन्हाळ्यात समुद्रसपाटीपासून उंचावर ठीक चाललेलं बॅरल हिवाळ्यात सखल रेंजवर दगा देऊ शकतं. जास्त पिळामुळे अचूकता बिघडते ही भीती बुलेट ओबडधोबड बनत त्या काळातली आहे. आजच्या मॅच बुलेटना एखाद्या पायरीने जास्त पीळ सहज सोसतो.

चेंबर कापून घेताना गनस्मिथला काय सांगायचं?

सांगण्यापेक्षा द्या: तुम्ही वापरणार ती बुलेट बसवलेलं, दारू आणि प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) नसलेलं एक नमुना काडतूस. त्यावरून चेंबरपुढची मोकळी जागा, म्हणजे फ्रीबोर, किती ठेवायची हे त्याला कळतं. बुलेट केसमध्ये (काडतुसाच्या धातूच्या नळीत) नीट धरलेली असावी, आटे सुरू होतात तिथून जवळ असावी, आणि सगळं मिळून मॅगझिनमध्ये मावावं. या तिन्ही अटी एकदम जुळवणारा रीमर (चेंबर कापायचं हत्यार) निवडणं हे चेंबरचं अर्धं काम आहे.

कारखान्याची काडतुसंही झाडणार असाल तर मानेचा व्यास फार घट्ट ठेवू नका. घट्ट मान म्हणजे प्रत्येक केसची मान तासत बसणं, आणि चुकून जाड मानेचं काडतूस गेलं तर दाब धोक्याच्या पातळीवर जातो.

ॲक्शन निवडताना कशाला महत्त्व?

१९६२ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ७०० च्या ॲक्शनचा आराखडा आता या धंद्याचा अलिखित प्रमाण झाला आहे. आज स्वतंत्र कारखान्यांच्या बहुतेक ॲक्शन त्याच मापाच्या दस्त्यात बसतात आणि त्याच मापाचा ट्रिगर घेतात. पहिल्यांदाच जुळवणी करणाऱ्याने या कुटुंबाबाहेर जाऊ नये. टिक्काची ॲक्शन फार गुळगुळीत चालते आणि तिच्यासाठीही भाग मिळतात, पण निवड तुलनेने कमी.

पुढची गोष्ट बोल्टच्या (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणारा दांडा) तोंडाची. .३०८ आणि ६.५ क्रीडमूरच्या कुटुंबाला ०.४७३ इंचाचं तोंड लागतं, .३०० विंचेस्टर मॅग्नमला ०.५३२ चं, .२२३ ला ०.३७८ चं. बोल्टचं तोंड किंवा बोल्टच बदलता येणारी ॲक्शन घेतली तर पुढे काडतूस बदलण्याचा मार्ग खुला राहतो.

दोन लगांचा (लग म्हणजे बोल्टला जागी अडकवणारे दाते) बोल्ट ९० अंश उचलावा लागतो, तीन लगांचा ६०. तीन लगांचा हात लहान फिरतो आणि स्कोपच्या आयपीसला कमी अडतो, पण उचलायला थोडा जड लागतो. वेळेशी शर्यत असताना उचलण्याच्या जोरामुळे रायफल लक्ष्यावरून हलू नये, म्हणून मला दोन लगांचा बोल्ट आवडतो. ही निवड शेवटी हाताची आहे. दोन्ही चालवून पाहा.

एफ-क्लाससाठी मॅगझिनची खिडकी नसलेली, खालून बंद, एकेक काडतूस भरायची ॲक्शन घ्या. ती अधिक कडक असते. पीआरएसला एआयसीएस पद्धतीचं, म्हणजे सुटं काढता येणारं मॅगझिन नीट भरवणारी ॲक्शन हवी, आणि काडतूस न अडकता भरलं जाणं ही तिची पहिली परीक्षा.

माप काटेकोर असलेल्या काही ॲक्शनसाठी आधीच चेंबर कापलेली, खांदा घडवलेली बॅरलं मिळतात. त्यांना ‘प्रीफिट’ म्हणतात. बॅरल बदलताना ॲक्शन गनस्मिथकडे पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागत नाही, हा त्यांचा फार मोठा फायदा. ॲक्शन घेताना तिच्यासाठी प्रीफिट मिळतात का, हे मी सर्वांत आधी विचारेन.

जुन्या रायफलीची ॲक्शन सुधारून वापरता येईल?

येईल. गनस्मिथ तिचा चेहरा, लग आणि आटे एका अक्षात आणतो. पण ते काम, नवा रिकॉइल लग आणि बहुधा नवा बोल्ट मिळून खर्च नव्या ॲक्शनच्या जवळ जातो, आणि प्रीफिटची सोय मिळत नाही. आठवणीची रायफल असेल तरच करा.

ट्रिगर किती हलका असावा?

सामान्य समजुतीपेक्षा थोडा जड. अडथळ्यावरून, दम लागलेला असताना झाडायचं तर पाऊण ते एक किलोच्या दरम्यानचा ट्रिगर सुरक्षित आणि पुरेसा अचूक असतो. टेकूवर झोपून झाडणारे त्याहून बरेच खाली जातात. थंडीत बोटं बधिर झाली किंवा हातमोजे घातले की फार हलका चाप धोक्याचा होतो. कोणताही ट्रिगर बसवल्यावर, रायफल पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट जोरात बंद केला तरी तो सुटत नाही ना आणि सेफ्टी नीट धरते ना, हे तपासलंच पाहिजे. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेखाली स्क्रू फिरवू नका.

एका टप्प्याचा की दोन टप्प्यांचा, हा सवयीचा प्रश्न. पहिला टप्पा ओढून दुसऱ्याच्या भिंतीवर बोट टेकवणं मला विश्वासाचं वाटतं. माझ्याहून चांगले अनेक नेमबाज एकाच टप्प्यावर झाडतात.

दस्ता घ्यावा की चॅसी?

काम दोघांचं एकच: ॲक्शनला कोणताही ताण न देता घट्ट धरणं आणि तुमचं अंग प्रत्येक वेळी त्याच जागी आणणं.

फायबरग्लासच्या किंवा लॅमिनेट लाकडाच्या दस्त्यात ॲक्शनखाली धातूचे खांब आणि इपॉक्सी भरून बेडिंग करतात, म्हणजे ॲक्शनचा तंतोतंत साचा तयार होतो. ॲल्युमिनियमच्या चॅसीत व्ही आकाराच्या खोबणीत ॲक्शन बसते आणि सहसा बेडिंगची गरज राहत नाही. चॅसीला वजनं, एआरसीए रेल (टेकू सरकवून बसवायची पट्टी), मॅगझिनची जागा सगळं जोडता येतं. पीआरएसमध्ये ती का पसरली हे त्यावरून कळतं. उत्तम बेडिंग केलेला दस्ता अचूकतेत कुठेही कमी पडत नाही.

खरा निकष अंगाचा आहे. गालपट्टीची उंची आणि खांद्यापासून चापापर्यंतचं अंतर बदलता येतं का, ते पाहा. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. स्कोपचं चित्र काळ्या कडेशिवाय पूर्ण दिसलं पाहिजे. मान ताणावी लागत असेल तर तो दस्ता तुमचा नाही, मग तो कितीही देखणा असो.

बॅरल पुढच्या भागाला कुठेही टेकता कामा नये. ॲक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने, निर्मात्याने सांगितलेल्या आकड्यावर आवळा. ॲल्युमिनियम चॅसीसाठी तो बऱ्याचदा ६५ इंच-पाउंड, म्हणजे ७.३ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

मिल की एमओए?

ही दोन्ही नेमाच्या दुरुस्तीची कोनीय एककं. ज्यांच्यासोबत झाडता ते जे वापरतात, ते घ्या. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर. एका मिलमध्ये ३.४४ एमओए. दोन्हींत अचूकता सारखीच. पण शेजारी ‘०.४ डावीकडे’ म्हणाला आणि तुमचा स्कोप दुसऱ्या एककात असला, तर डोक्यात भागाकार करत बसावं लागतं. मीटरमध्ये विचार करणाऱ्याला मिल सोपं पडतं. टरेट (नेम सरकवायची फिरती कळ) आणि रेटिकल (स्कोपमधली नेमाची खूण) दोन्ही एकाच एककात असलीच पाहिजेत.

स्कोपमध्ये कशासाठी पैसे मोजायचे?

काचेपेक्षाही आधी यंत्रणेसाठी. टरेट ८ मिल फिरवला तर नेम बरोबर ८ मिल सरकला पाहिजे, आणि परत आणल्यावर शून्यावर आला पाहिजे. हे तपासायला १०० मीटरवर उंच कागद लावा, त्यावर ओळंब्याने उभी रेघ काढा, अंतर फीतपट्टीने मोजा आणि टरेटचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. स्कोप २ टक्के कमी सरकत असेल तर ९ मिलच्या दुरुस्तीत ०.१८ मिलची चूक येते, म्हणजे १००० यार्डांवर १६ सेंटिमीटरहून जास्त. एवढ्यावरून लक्ष्य हुकतं, आणि नेमबाज वाऱ्याला दोष देत राहतो.

उंचीच्या दुरुस्तीचा हिशेब आधीच करा. ६.५ क्रीडमूरला १०० यार्डांच्या झिरोवरून (नेम जिथे नेमका बसवलेला असतो ते अंतर) १००० यार्डांना साधारण ९ मिल लागतात; .३०८ ला ११ ते १२. स्कोपची एकूण हालचाल २८ मिल असेल तर सपाट रेलवर (स्कोप बसवायची पट्टी) वरच्या दिशेला जेमतेम निम्मी, १४ मिल, मिळते. त्याऐवजी २० एमओए उताराची रेल घेतली तर त्यात ५.८ मिलची भर पडते आणि वर जवळपास २० मिल हाती येतात. म्हणून २० एमओए रेल जवळजवळ नेहमीच योग्य.

पीआरएससाठी रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमधलं घ्या. मोठवण (मॅग्निफिकेशन) काहीही असो, त्यावरची मापं खरी राहतात. एफ-क्लासमध्ये एकच अंतर, एकच मोठवण आणि बारीक रेटिकल हवं असतं, तिथे दुसरं प्लेन उत्तम. झिरो स्टॉप (टरेटला शून्यावर अडवणारी सोय) मात्र दोन्हीकडे हवाच, म्हणजे घाईत एक फेरा चुकत नाही.

मोठवण किती?

५ ते २५ पट पुरेशी. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरू लागली की २५ पटीतही चित्र उकळतं, आणि पीआरएसचे बहुतेक शॉट १२ ते १८ पटीच्या दरम्यान होतात. एफ-क्लासवाल्यांना जास्त मोठवण उपयोगी पडते.

रिंग आणि रेल स्वस्तातल्या चालतील?

नाही. स्कोप जराही सरकला तर वरचं सगळं व्यर्थ. रिंगचे वरचे स्क्रू बहुधा १५ ते १८ इंच-पाउंडांवर आवळतात. त्याहून जास्त जोराने स्कोपची नळी दबते. आवळण्यापूर्वी रेटिकल ओळंब्याला सरळ लावा. १ अंश तिरपं रेटिकल ९ मिल फिरवल्यावर ०.१६ मिल बाजूला नेतं.

मझल ब्रेक लावावा का?

पीआरएसमध्ये हो, धक्का खूप कमी होतो आणि स्वतःची गोळी दिसते. पण त्याचा आवाज आणि हवेचा झोत शेजाऱ्याच्या कानावर आदळतो. प्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही लावा. ओळीत झोपून झाडण्याच्या स्पर्धांसाठी आधी नियम वाचा, मगच बॅरलच्या तोंडाला आटे पाडून घ्या.

बायपॉड आणि मागची पिशवी?

हॅरिस किंवा अ‍ॅटलस यांपैकी कोणताही घ्या. मागची पिशवी घट्ट, जड भरणाची असू द्या. स्थिरतेत या पिशवीचा वाटा बायपॉडइतकाच मोठा आहे आणि खर्च त्याच्या अंशाने.

कारखान्याची काडतुसं पुरतील की स्वतः भरावी लागतील?

६०० मीटरपर्यंत मॅच दर्जाची तयार काडतुसं पुरतात. पुढे वेगातला फरक उंचीत उतरतो. ६.५ क्रीडमूरमध्ये सेकंदाला १० फुटांचा फरक १००० यार्डांवर साधारण ६ ते ७ सेंटिमीटर वर-खाली नेतो. एफ-क्लासच्या लक्ष्यावर त्या अंतरावरचं दहाचं वर्तुळ १० इंचांचं, म्हणजे २५ सेंटिमीटरचं. सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ गोळीत ४० फुटांचा फरक असेल, तर रायफल, नेमबाज आणि वारा तिन्ही निर्दोष असूनही ते वर्तुळ उंचीतच संपलं.

म्हणून क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) ही चैन नाही. काडतूस भरत असाल तर प्रसिद्ध झालेल्या कोष्टकातल्या किमान भारापासून सुरुवात करा आणि दाबाची खूण दिसली की थांबा. ६.५ क्रीडमूर आणि .३०८ यांचा मान्य कमाल दाब ६२,००० पीएसआय आहे. तो चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो.

‘अर्धा एमओए’ची हमी कितपत खरी मानायची?

किती गोळ्यांचा ग्रुप, हे विचारा. त्याच रायफलीतून, त्याच काडतुसांनी, तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरीने पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा लहान येतो आणि पाचाचा दहापेक्षा. हा संख्याशास्त्राचा नियम आहे. विखुरण्याचं मूळ प्रमाण एक धरलं तर तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप २.४, पाचांचा ३.१, दहांचा ३.८. म्हणजे तीन गोळ्यांत अर्धा एमओए देणारी रायफल दहा गोळ्यांत जवळपास ०.८ एमओए देईल, आणि तिच्यात काहीही बिघडलेलं नसेल. दहा गोळ्यांचा ग्रुप दोनदा झाडा. त्यातून मिळालेला आकडा फोटोत चांगला दिसणार नाही, पण १००० यार्डांवर तोच खरा ठरेल.

पैसे कसे वाटावेत?

स्कोप आणि रिंग मिळून जवळपास ॲक्शन आणि बॅरलइतकाच खर्च होऊ द्या. बॅरलवर कधीही तडजोड नको. चॅसी आणि रंगसंगती शेवटी. आणि रायफल हातात येईल त्या दिवशी पाचशे काडतुसांचे पैसे शिल्लक असतील अशी मर्यादा आधीच घाला. ती मोडत असेल तर एखादा भाग एक पायरी खाली आणा.

बॅरल घरी बसवता येईल का?

आधी तुमच्या देशाचा कायदा पाहा. अनेक ठिकाणी ॲक्शन आणि बॅरल हे नियंत्रित भाग असतात आणि ते काम परवानाधारकानेच करावं लागतं. कायदा परवानगी देत असला तरी हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांतली काडतुसाची जागा) ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजने तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नये. गेज किंवा सवय नसेल तर गनस्मिथकडे जा.

नव्या बॅरलचा वेग स्थिर केव्हा होतो?

बहुतेक बॅरलांत पहिल्या १०० ते १५० गोळ्यांत वेग थोडा वाढतो आणि मग स्थिरावतो. तोवर बॅलिस्टिक तक्ता पक्का करू नका आणि काडतुसाच्या भाराची बारीक जुळणीही करू नका. त्या गोळ्या जवळच्या अंतरावर, आसन आणि चाप यांच्या सरावात घालवा.

बॅरल संपलं हे कसं कळतं, आणि दुसरं केव्हा मागवावं?

चेंबरपुढचा भाग उष्णतेने भाजून त्यावर जाळीसारख्या भेगा पडतात आणि आट्यांची सुरुवात पुढे सरकते. बाहेरून दिसणारी खूण म्हणजे ग्रुप सैल होणं, विनाकारण एखादी गोळी दूर जाणं, आणि वेगात आधी नसलेला चढ-उतार. झाडलेल्या गोळ्यांची वही ठेवा, म्हणजे अंदाज लावावा लागत नाही. दुसरं बॅरल पहिल्यासोबतच मागवा: तोच निर्माता, तोच पीळ, तोच रीमर. चांगल्या निर्मात्यांकडे थांबावं लागतं आणि बॅरल हंगामाच्या मध्येच दम सोडतं.